माळ्यावरच्या २३ रिळांचं काय करायचं?

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सिडकोच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम काढलं, तेव्हा न्हाणीघरावरच्या माळ्यात पत्र्याची ट्रंक सापडली. आत वडिलांनी काढलेली घरगुती फिल्मची २३ रिळं. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंजिनीअर होते. १९७१ मध्ये त्यांच्या भावाने जर्मनीहून सुपर ८ कॅमेरा (८ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मचा) आणून दिला आणि पुढची दहा-बारा वर्षं ठाण्याच्या चरईतलं घर, गणपती, मुंजी, सहली असं सगळं त्यांनी टिपून ठेवलं. आता पाच डब्यांना व्हिनेगरसारखा वास येतोय आणि दोन रिळांवर पांढरं काहीतरी दिसतंय. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, स्कॅन करून घे आणि रिळं फेकून दे. आई ८२ वर्षांची आहे, तिला ती बघायची आहेत. ताई विचारतात की रिळं सुरक्षित ठेवायची कशी, प्रोजेक्टर मिळाला तर लावून बघावीत का, आणि स्कॅन झाल्यावर ती ठेवण्यात काही अर्थ आहे का.

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथेच होतं. प्रोजेक्टरवर लावू नका. एकदासुद्धा नाही, आईने कितीही आग्रह केला तरी नाही. जुनी फिल्म आकसते. हे आकसणं डोळ्यांना दिसत नाही, पण भोकांत अडकून फिल्म पुढे ओढणाऱ्या प्रोजेक्टरच्या नखाला ते बरोबर कळतं. फिल्मच्या दोन भोकांमधलं अंतर शंभरातला एक भाग जरी कमी झालं, तरी नख भोकात नीट बसत नाही, ते भोकाच्या कडेवर बसतं. मग प्रत्येक फ्रेमला एक भोक फाटत जातं, आणि पडद्यावर चित्र थरथरायला लागेपर्यंत काही फूट फिल्म गेलेली असते.

हे मी वाचून सांगत नाही. जुन्या घरगुती फिल्मच्या या धंद्यात नवा होतो तेव्हा, साधारण १९९८ साली, नौपाड्यातल्या एका घरी मी स्वतः ही चूक केली. घरातल्या आजी जाऊन महिना झाला होता. त्यांचं हलतंबोलतं असं एकच चित्रण होतं, तेही मुकं: अंगणात तुळशीला पाणी घालताना. सगळं घर हॉलमध्ये जमलं होतं, दिवे मालवले होते, आणि मी रीळ तपासल्याशिवाय लावलं. १५-२० सेकंदांत खरखर सुरू झाली. मी बंद करेपर्यंत पंधरा फुटांच्या आसपास फिल्मची भोकं फाटली होती. तुळशीचा शॉट नेमका त्यातच होता. आज स्कॅनरवर ते बऱ्यापैकी वाचवता आलं असतं. तेव्हा नाही आलं. त्या दिवसापासून कोणाचंही रीळ आधी बोटांनी आणि भिंगाने तपासल्याशिवाय मी कुठल्याही यंत्रावर चढवलेलं नाही.

आता वासाकडे वळू. तुमच्या पाच डब्यांत जे चाललंय त्याला या धंद्यात व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. घरगुती फिल्मची पट्टी बहुतेक वेळा सेल्युलोज ॲसिटेटची असते. हवेतली ओल आणि उष्णता तिला हळूहळू तोडते आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं. लोणच्यात घालतो त्या व्हिनेगरचा वासही त्याचाच. वाईट गोष्ट अशी की हे ॲसिड त्याच तुटण्याला आणखी जोर देतं. सुरुवातीची कित्येक वर्षं काही कळत नाही, आणि एक टप्पा ओलांडला की सगळं भराभर होतं. फिल्म आकसते, कडा लाटेसारख्या होतात, रीळ गोल राहत नाही, कोपरे काढल्यासारखं दिसायला लागतं, आणि शेवटी चित्राचा थर पट्टीपासून सुटतो. गेलेली फिल्म परत आणणारं औषध नाही. वेग कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

अमेरिकेत रॉचेस्टरला इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट आहे, त्यांनी यावर सगळ्यात जास्त काम केलंय. त्यांच्या हिशोबाने २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्याकोऱ्या ॲसिटेट फिल्मला वास सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. आता नेरुळचा विचार करा. न्हाणीघरावरचा माळा म्हणजे खालून रोज गिझरची वाफ आणि वरून स्लॅबची उष्णता. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर राहते, तीही चार महिने. तुमची फिल्म पन्नाशीची आहे. २३ पैकी १८ डब्यांना अजून वास नाही हे तुमचं नशीब, आणि त्यात वडिलांच्या टापटिपीचाही हात असणार. तापमान साधारण पाच-सहा अंश उतरलं की हा वेग निम्म्यावर येतो, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आज-उद्या करायचं पहिलं काम म्हणजे ट्रंक घराबाहेर नेणं. घराचं काम चालू आहे म्हणता, म्हणजे रंगही लागणार. ऑइल पेंट वाळताना त्यातून जी वाफ निघते ती फिल्ममधल्या चांदीच्या चित्राला मारक असते, आणि सिमेंटची धूळ तर भोकाभोकांत जाऊन बसते. काम संपून रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत रिळं बहिणीकडे, शेजाऱ्यांकडे, कुठेही ठेवा. गाडीच्या डिकीत मात्र नाही. मे महिन्यात बंद गाडीत दोन तासांत फिल्मचं जे होतं ते माळ्यावर दोन वर्षांत होत नाही.

मग गॅलरीत किंवा खिडकीजवळ स्वच्छ पांढरी चादर अंथरा, तोंडाला मास्क लावा, हात कोरडे ठेवा आणि एकेक डबा उघडा. घाई नको. डबा उघडल्याबरोबर नाक जवळ नेऊ नका, वाफ झोंबते. वास आलेली पाच एका बाजूला, न आलेली अठरा दुसऱ्या बाजूला. आणि दोन्ही गट पुन्हा कधी एका पेटीत ठेवायचे नाहीत, कारण एकाचं ॲसिड दुसऱ्याला लागतं. धुऊन वाळवलेल्या तांदळात एक भिजका दाणा राहिला तर डबाभर तांदळाला वास लागतो, तसंच हे.

पांढरं काय आहे ते बघायला साधं भिंग पुरेल. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, किंवा निस्तेज गोल डाग दिसतात, आणि ते मधून बाहेर पसरलेले असतात. बारीक मिठासारखे चमकणारे कण असतील, बोटाला खरखरीत लागत असतील, तर ती बुरशी नव्हे. पट्टी लवचिक राहावी म्हणून कारखान्यात तिच्यात मिसळलेला पदार्थ बाहेर येऊन गोठला, असा त्याचा अर्थ. म्हणजे ते रीळ व्हिनेगरच्या वाटेवर बरंच पुढे गेलंय. दोन्हींत एक गोष्ट करायची नाही: ओलं फडकं लावायचं नाही. बुरशीने चित्राच्या जिलेटिनच्या थराला इतकं पोखरलेलं असतं की पाणी लागलं की थरच विरघळतो. फडक्यावर रंग येतो, आणि तो रंग म्हणजे तुमचे वडील किंवा आई असतात. बुरशी आलेलं रीळ आधी कोरड्या हवेत पूर्ण वाळू द्या. मग मऊ, बिनधाग्याच्या कोरड्या कापडाने वरवर हलकेच टिपा, तेही गॅलरीत. मनात जराही शंका असेल तर तसंच ठेवा आणि जाणकाराकडे आणा. घरी केलेल्या साफसफाईतून झालेलं नुकसान मी बुरशीपेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

डब्यात वडिलांनी घातलेल्या चिठ्ठ्या, रबरबँड, सेलोटेपचे तुकडे असतील. रबरबँड लगेच काढा, त्यात गंधक असतं आणि ते वितळून फिल्मला चिकटतं. सेलोटेप ओढून काढू नका, तो आमच्यासाठी ठेवा. चिठ्ठी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, फेकू नका. मागच्या वर्षी चरईतल्याच एका घरातून आलेल्या पिवळ्या खोक्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: "मासुंदा, गणपती विसर्जन, अण्णांचा शेवटचा". मासुंदा म्हणजे ठाण्यातला तलाव. त्या एका ओळीवरून घरच्यांना कळलं की बुंधा धरून उभा असलेला पांढऱ्या टोपीतला माणूस त्यांचे पणजोबा आहेत. खोकं, पोस्टाचा शिक्का, लॅबचं लेबल, सगळं साल ठरवायला उपयोगी पडतं. फक्त जुना कागद ओल धरतो आणि स्वतःही आंबट होतो, म्हणून फिल्मजवळ नको.

रीळ सुपर ८ आहे की त्याआधीचं ८ मिलिमीटर, हेही बघून लिहून ठेवा, कारण स्कॅनवाला पहिला प्रश्न हाच विचारेल. साधं ८ मिलिमीटर १९३२ पासूनचं, त्याचं भोक मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतं. सुपर ८ आलं १९६५ मध्ये, त्याचं भोक बारीक आणि फ्रेमच्या मध्यावर. भोक जितकं लहान, तितकी चित्राला जागा जास्त. तीन इंची छोटं रीळ म्हणजे ५० फूट, सुपर ८ वर साधारण ३ मिनिटं २० सेकंद. चार पदरी घड्या घातलेल्या लग्नपत्रिकेएवढ्या जागेत एक अख्खी मुंज बसवायची, हे तेव्हाच्या माणसांना जमायचं. कडेला तांबूस तपकिरी पट्टी दिसली तर ती आवाजाची आहे. सुपर ८ ला आवाज आला १९७३ मध्ये. ती पट्टी लोखंडाच्या ऑक्साइडची असते आणि व्हिनेगरचा वेग वाढवते, म्हणून आवाजी रिळं रांगेत पुढे घ्या.

पट्टीच्या कडेला सेफ्टी असा शब्द इंग्रजीत छापलेला दिसेल. फिल्म भडकन पेटेल या भीतीने लोक फोन करतात, त्यांच्यासाठी सांगतो: पेटणारी फिल्म म्हणजे नायट्रेट, ती ३५ मिलिमीटरची आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. घरगुती ८ आणि १६ मिलिमीटर तशी नसते. पण कोणाच्या आजोबांचं थिएटर होतं आणि घरात खूप जुने ३५ मिलिमीटरचे डबे असतील, तर ते घरात ठेवूच नका. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या मूकपटांपासूनचा ठेवा गेला. तिथे नीट सांभाळणारी माणसं होती, तरी हे झालं.

आता ठेवायचं कशात आणि कुठे. इथे मी जरा लांब बोलणार आहे, कारण लोक डब्यावर पैसे घालतात आणि हवेकडे बघत नाहीत. गंजलेला पत्र्याचा डबा बदलायलाच हवा, गंजाचे कण फिल्मला खातात. प्लास्टिकचा डबा घ्यायचा तर उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. आत ५ लिहिलेलं असेल तर पॉलिप्रोपिलीन, तो उत्तम. २ असेल तरी चालेल. ३ असेल तर पीव्हीसी, तो घेऊ नका, त्यातूनही ॲसिड निघतं. परदेशी बनावटीचे फिल्मचे खास डबे मिळतात, त्यांना हवा खेळायला बारीक झरोके असतात. ते मिळाले तर छानच. नाही मिळाले तर स्वयंपाकघरातला स्टेनलेस स्टीलचा नवा कोरा डबा झाकण अगदी घट्ट न लावता वापरा, माझी तक्रार नाही. घट्ट बंद डब्यात निघालेलं ॲसिड आतच कोंडतं आणि फिल्म आपल्याच वाफेत शिजते. हवाबंद म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटतं. फराळाच्या चकल्यांना ते खरं आहे. फिल्मच्या बाबतीत खरी गोष्ट अशी की बाहेरची हवा कोरडी केली पाहिजे.

आपल्याकडे ती कोरडी करायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट. फोटोग्राफर लेन्सना बुरशी लागू नये म्हणून जे विजेवर चालणारं काचेच्या दाराचं छोटं कपाट ठेवतात, तेच. काटा ३५ ते ४५ टक्क्यांवर ठेवा. त्याहून फार खाली नेऊ नका, २० च्या खाली फिल्म ठिसूळ होते. वास किंवा पांढरं काही नसलेल्या तुमच्या १६ रिळांना मध्यम आकाराचं कपाट पुरतं. वासाची पाच आणि पांढरी दोन त्यात घालू नका. कॅबिनेट घ्यायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण त्यात दर महिन्याची मेहनत आहे: मोठी पॉलिप्रोपिलीनची पेटी, तळाशी जाळीच्या कापडी पिशवीत सिलिका जेल, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. फिल्म आणि जेल एकमेकांना लागता कामा नयेत. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा नारिंगी करायचं. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत पहिल्या पावसाळ्यात हे उत्साहाने होतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात जेल हिरवंच राहतं. तुम्ही स्वतःला ओळखता, त्याप्रमाणे निवडा.

जागा म्हणाल तर आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा. पश्चिमेची भिंत नको, आपल्याकडे पाऊस तिलाच झोडपतो आणि आतून ओल येते. माळा नको, छताखाली उष्णता साठते. जमिनीलगत नको. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ठाण्यात, नवी मुंबईत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिखलाने भरलेले अकरा डबे आले. ज्यांनी उन्हात वाळवून आणले त्यांची फिल्म विटेसारखी एकसंध झाली होती, पदर सुटला नाही. एका काकूंनी मात्र रीळ तसंच बादलीतल्या स्वच्छ गार पाण्यात बुडवून आणलं होतं. ते वाचलं. फिल्म पुरात भिजलीच तर हे लक्षात ठेवा: वाळू द्यायची नाही, स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायची आणि एक-दोन दिवसांत लॅबकडे न्यायची.

कपाटात डांबरगोळ्या, कापूर असं काही नको, त्यांची वाफ फिल्मला लागते. पण कसर आणि झुरळं येतात हेही खरं, कारण जिलेटिन त्यांचं अन्न आहे. त्यावर उपाय म्हणजे कपाट कोरडं आणि स्वच्छ ठेवणं आणि वर्षातून दोनदा उघडून बघणं. रीळ आडवं ठेवा, ताटासारखं. उभं ठेवलं की वजनाने फिल्म एका बाजूला बसते. गुंडाळी सैल नको आणि करकचूनही नको. टोक ओढून घट्ट करायची सवय असते, ती मोडा, त्यात दोन पदर एकमेकांवर घासतात आणि चित्रावर पावसासारख्या रेघा उठतात. बँकेच्या लॉकरचं लोक हमखास विचारतात. दागिन्यांना लॉकर ठीक; फिल्मला नको. तिथे ना आर्द्रता तुमच्या हातात, ना अधूनमधून हवा दाखवणं शक्य.

वास आलेल्या पाच रिळांना हे सगळं पुरणार नाही. त्यांचं स्कॅन लगेच, या पावसाळ्याआधी. तपासायचं असेल तर ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात, रॉचेस्टरच्या त्या इन्स्टिट्यूटने काढलेल्या. पट्टी डब्यात २४ तास ठेवायची. निळी राहिली तर फिल्म ठीक, हिरवटली तर सुरुवात, पिवळी झाली तर शेवटचा टप्पा. पण तुमचं नाक सांगतंय तेवढं पुरे आहे. स्कॅनला वेळ लागणार असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा. नीट ऐका, कारण यात चूक होते. रीळ आधी कोरड्या हवेत दोन दिवस ठेवून ओल घालवा, मग एका झिप पिशवीत घालून हवा दाबून काढा, ती पिशवी दुसऱ्या झिप पिशवीत घाला. हवाबंद इथे चालतं, कारण गारव्यात तुटण्याचा वेग उतरतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा, आणि दिवसातून पन्नास वेळा उघडणारा भाजीचा फ्रिज असेल तर मागचा कप्पा. बाहेर काढाल तेव्हा पिशवी २४ तास उघडू नका. घाईत उघडलीत तर थंड फिल्मवर क्षणात दव धरतं, आणि फ्रिजने वाचवलेलं ते दव घालवतं.

स्कॅन कोणाकडून करायचं हे नाव घेऊन सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगतो. तुमचं यंत्र भोकांच्या दात्यांवर फिल्म ओढतं की रबरी रोलरवर? रोलरवर हवं, म्हणजे आकसलेली फिल्मही जाते. दिवा एलईडीचा आहे ना? एकेक फ्रेम वेगळी घेता की भिंतीवर प्रोजेक्ट करून कॅमेऱ्याने टिपता? दुसरं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. ८ मिलिमीटरला २के रेझोल्यूशन पुरतं. पैसे असतील तर सुपर ८ साठी ४के करा, पण त्यासाठी कर्ज काढण्यासारखं त्यात काही नाही. भोकांसकट पूर्ण रुंदी स्कॅन करायला सांगा. आणि दोन फाइली मागा: एक रंगाला हात न लावलेली, प्रोरेससारख्या मोठ्या फॉरमॅटमध्ये, आणि एक रंग सुधारलेली एमपी४, घरी बघायला. मूळ न ठेवता फक्त सुधारलेली देणारे बरेच आहेत. त्यांच्या सुधारणेत तुमच्या आईच्या हिरव्या शालूचा निळा झाला तर परत जायला रस्ता उरत नाही.

कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची रिळं असतील तर त्यांचे रंग बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अंधारात ठेवलेला कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही लालभडक असतो. इतर रंगीत फिल्म अनेकदा गुलाबी किंवा जांभळट पडलेली असते. ट्रंकेत एखादं न धुतलेलं, म्हणजे डेव्हलप न केलेलं कार्ट्रिज सापडलं तर ते जपून ठेवा. पण कोडाक्रोमचं असेल तर रंगाची आशा नको. त्याची रंगीत धुलाई करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिने २०१० च्या अखेरीस रिळं घेणं थांबवलं. आता फार तर काळंपांढरं चित्र निघू शकतं. धुतलेल्या रिळांना विमानतळावरच्या एक्स-रेने काही होत नाही. तेव्हा भावाला एखादं न्यायचंच असेल तर हातातल्या बॅगेत नेऊ दे, कुरिअरने नको.

आता भावाचं म्हणणं, स्कॅन करून फेकून द्या. त्यांना माझ्याकडून प्रेमाने सांगा की हार्ड डिस्क फिल्मइतकी जगत नाही. मी २००६-०७ मध्ये लोकांना डीव्हीडी करून दिल्या, तेव्हा तेच उत्तम होतं. त्यातल्या कितीतरी आज वाचता येत नाहीत, आणि वाचल्या तरी चित्र आजच्या टीव्हीवर पुसट दिसतं. ज्यांनी रिळं ठेवली त्यांना आम्ही पुन्हा, दहापट चांगलं स्कॅन करून दिलं. ज्यांनी फेकली त्यांच्याकडे ती पुसट डीव्हीडी आहे, तेवढीच. तुमच्या १८ रिळांना कोरडी, गार जागा मिळाली तर त्यांच्यात अजून बरीच वर्षं आहेत, आणि वीस वर्षांनी स्कॅनर आजच्यापेक्षा चांगले असतील. जी पाच जाणारच आहेत, तीसुद्धा अगदी चिकटून, भुसभुशीत होईपर्यंत ठेवा, फक्त इतरांपासून लांब.

फाइलींच्या तीन प्रती करा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा भावाकडे न्यू जर्सी, टेक्सास, जिथे असेल तिथे. दोन्ही डिस्क नेरुळच्याच कपाटात ठेवू नका. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत डिस्क लावून फाइल उघडते का बघा, आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. व्हॉट्सॲपवर पाठवाल ती प्रत नातेवाइकांसाठी. जपायची प्रत ती नव्हे.

आणखी एक. वडिलांच्या रिळांत वाशीचा जुना खाडीपूल, नाही तर उड्डाणपूल होण्याआधीचं ठाणे स्टेशन, चरईतली कौलारू घरं असं काही असेल तर ते फक्त तुमच्या घरचं नाही. १९७३ मध्ये पूल झाला तेव्हाचं सामान्य माणसाने काढलेलं रंगीत चित्रण फार कमी आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. स्कॅन झाल्यावर त्यांना एक प्रत दाखवा, विचारून बघा. मूळ रीळ देणं न देणं तुमच्या मर्जीवर.

आईबद्दल. फाइल आली की लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर त्यांच्यासमोर लावा आणि शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवा. सुपर ८ ची बहुतेक रिळं मुकी असतात, तेव्हा आवाज तुमच्या आईचा असू दे. थांबवत थांबवत दाखवा. हा कोण, ही कोणाची मोठी, हे घर कुठलं, हा गणपती कोणाकडचा. मी पाहिलंय, पहिल्या रिळाला माणसं नुसती रडतात, दुसऱ्यापासून बोलायला लागतात. म्हणून पहिलं रीळ सहलीचं लावा, लग्नाचं नको. नावं त्याच दिवशी वहीत, रीळ नंबरासमोर लिहा. नंबर १ ते २३ डब्यावर पेन्सिलीने घाला, शाईने नको, आणि तोच नंबर फाइलीलाही द्या.

तर क्रम असा ठेवा. रंगकाम सुरू होण्याआधी ट्रंक हलवा. या आठवड्यात वास आलेली पाच आणि पांढरी दोन, स्वतःच्या हाताने, कुरिअरने नव्हे, स्कॅनसाठी द्या. पांढऱ्या दोन रिळांत बुरशी असेल तर तसं देतानाच सांगा, म्हणजे ती इतरांच्या रिळांत मिसळणार नाहीत. उरलेली सोळा ड्राय कॅबिनेटमध्ये जाऊ द्या. ती दिवाळीनंतरपर्यंत थांबू शकतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडची हवा सगळ्यात कोरडी असते, तेव्हा ती सावकाश उघडून एकेक तपासा. त्या सोळांतलं एखादं आवाजी निघालं तर मात्र ते थांबवू नका, पहिल्या सातांबरोबरच पाठवा.